गावच्या रस्त्याकडेचे वीरगळ आणि शिलालेख : नोंदीपासून माहितीफलकापर्यंत

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत अशी काही गावे सापडतात, जिथे मारुतीच्या देवळामागे, वेशीजवळच्या पिंपळाच्या पारावर किंवा थेट रस्त्याच्या साइडपट्टीला टेकून कोरीव दगड उभे असतात. येणारेजाणारे त्यांना वीराचे दगड, वेताळ, म्हसोबा किंवा नुसतेच 'जुने दगड' म्हणतात. त्यांतले बरेचसे वीरगळ असतात, काही सतीशिळा असतात आणि क्वचित एखादा गद्धेगाळ म्हणजे राजाज्ञा कोरलेला दानलेख निघतो. गावाच्या लिखित इतिहासाचा दुसरा कोणताही पुरावा उरलेला नसताना हे दगडच तेवढे शिल्लक असतात, आणि रस्तारुंदीकरण, देवळाचा जीर्णोद्धार किंवा तैलरंगाचा एक डबा यांतले काहीही त्यांना कायमचे संपवू शकते.

ज्यांना आपल्या गावातल्या अशा दगडांची नीट नोंद व्हावी आणि तेथे एक विश्वासार्ह माहितीफलक उभा राहावा असे वाटते, पण सुरुवात कोठून करावी, कोणत्या कार्यालयात जावे आणि कोणाची परवानगी घ्यावी हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ही प्रक्रिया मी आमच्या भागात पार पाडली आहे आणि तिच्यातला बराचसा वेळ अवघड कामामुळे नव्हे, तर कामाचा क्रम ठाऊक नसल्यामुळे जातो, असे माझे ठाम मत झाले आहे. उत्साही मंडळी बहुधा फलकापासून सुरुवात करतात. फलक हा शेवटचा टप्पा आहे. आधी नोंद, मग जागेचा आणि परवानगीचा प्रश्न, त्यानंतर मजकूर आणि सर्वांत शेवटी फलक, हा क्रम मोडू नये.

१. दगड कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावे

वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गुरांचे, गावाचे रक्षण करताना मरण आलेल्या वीराचे स्मारक. तो खालून वर वाचायचा असतो, हे प्रथम लक्षात ठेवावे. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला दिसतो किंवा लढाई चाललेली असते. त्या चौकटीत गायी कोरलेल्या असतील, तर गोधन पळवून नेणाऱ्यांशी झालेल्या झुंजीचा तो प्रसंग मानला जातो. त्यावरच्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेत असतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर कलश व दोन बाजूंना चंद्र-सूर्य असतात. चंद्र-सूर्य आकाशात असेपर्यंत ही कीर्ती टिकेल, असा त्यांचा अर्थ. चौकटी तीन किंवा चार असणे सर्वसाधारण आहे, परंतु त्यात प्रदेशाप्रमाणे फरक पडतो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर जहाजे आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. उत्तर कोकणचे शिलाहार आणि देवगिरीचे यादव यांच्यातील तेराव्या शतकातल्या संघर्षाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

सतीशिळेवर कोपरात दुमडून वर उचललेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात दिसतो. वीरगळ आणि सतीचा हात एकाच दगडावरही असू शकतात, म्हणून हात दिसताच नोंद केवळ 'सतीशिळा' एवढ्यावर थांबवू नये.

गद्धेगाळ ओळखणे सोपे, पण त्याविषयी गावात बोलणे अवघड. वरती चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प, अशी त्याची रचना असते. दिलेले दान जो मोडेल त्याला ती शिवी लागू होईल, हा त्यामागचा अर्थ आहे. शिलाहार आणि यादव यांच्या काळात असे दगड उभारले गेले. मुंबईतल्या परळ येथील शके ११०८ चा, शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळातला प्रसिद्ध लेख याच प्रकारचा असून तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हे शिल्प अभद्र मानून अनेक ठिकाणी लोकांनी ते पालथे घातले किंवा मातीत गाडले. दगडाचा वरचा भाग चंद्र-सूर्याचा असेल आणि खालचा मातीत असेल, तर ही शक्यता मनात ठेवावी. मात्र स्वतः खणून पाहू नये.

याशिवाय रस्त्यांच्या कडेला इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड, धर्मशाळांच्या पाट्या आणि विहिरींवरचे देणगीलेखही असतात. ते शिल्पाइतके देखणे नसल्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, पण जुन्या मार्गांच्या अभ्यासासाठी ते मोलाचे आहेत आणि त्यांच्यासाठीही पुढील सर्व टप्पे जसेच्या तसे लागू पडतात.

२. दगड जेथे आहे तेथेच त्याची नोंद करावी

लागणारे साहित्य थोडके आहे. मोजपट्टी, होकायंत्र किंवा मोबाइलमधील होकायंत्र, चांगला कॅमेरा असलेला फोन, एक प्रखर टॉर्च, मऊ केसांचा कोरडा ब्रश, वही, पेन्सिल आणि फोटोत दगडाशेजारी ठेवण्यासाठी सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी. यांशिवाय काही नेऊ नये. विशेषतः तारेचा ब्रश, आम्ल, साबण, खडू, हळद, पीठ यांतले काहीही दगडाला लावू नये. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून ती खडूने गिरवण्याची खोड सर्वदूर आहे. त्यामुळे गिरवणाऱ्याला जे अक्षर वाटले तेच फोटोत उतरते आणि पुढचा वाचक फसतो.

प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा आणि त्याच्याविषयी पुढील गोष्टी लिहाव्यात : गाव, तालुका, जिल्हा, जागेची ओळखखूण, अक्षांश-रेखांश, जमिनीवर दिसणारी उंची, रुंदी, जाडी, कोरीव बाजूचे तोंड कोणत्या दिशेला आहे, चौकटींची संख्या, प्रत्येक चौकटीत काय दिसते, लेख आहे की नाही, दगडाची सध्याची अवस्था आणि गावात त्याला काय म्हणतात. दिशेची नोंद बहुतेक जण विसरतात. दगड उद्या हलवला गेला, तर तो मूळचा कसा उभा होता हे सांगणारे तेवढेच साधन आपल्या हाती उरते.

फोटो काढताना उजेडाचा विचार करावा. भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत झिजलेले शिल्प सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर बाजूने उजेड पडतो, तेव्हा तेच शिल्प उठून दिसते. दगड उत्तराभिमुख असेल किंवा झाडाखाली असेल, तर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या एका बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून फोटो घ्यावेत. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून धरून एकेक फोटो घेतला की दिवसा न दिसणाऱ्या रेषाही वाचता येतात. एक फोटो लांबून, आसपासच्या परिसरासह अवश्य घ्यावा, कारण दगडाचा संदर्भ त्याच फोटोत असतो.

शेंदूर फासलेला दगड असेल, तर तो दैवत आहे हे मान्य करून पुजाऱ्याला किंवा घरातल्या ज्येष्ठांना विचारूनच फोटो घ्यावा. शेंदूर काढण्याचा आग्रह धरू नये. शेंदराच्या जाड पुटाखाली शिल्प सुरक्षित असल्याची उदाहरणे आहेत, पण घाईने खरवडताना शिल्पच उडाले तर ते परत मिळत नाही.

३. लेख असल्यास स्वतः वाचण्यापूर्वी

लेखाच्या प्रत्येक ओळीचे वेगळे फोटो घ्यावेत आणि ते जाणकारांकडे पाठवावेत. शाई आणि ओलसर कागद वापरून ठसा घेण्याची पद्धत आहे, पण ते शिकलेल्या माणसाचे काम आहे. नवख्या हाताने शाई दगडावर उतरते. लिपी देवनागरी असेलच असे नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागांत जुन्या कन्नडमधले लेख मिळतात, आणि निजामशाही, आदिलशाही मुलखात फारसी लेख मिळतात. 'वाचता येत नाही म्हणजे मोडी असेल' हा समज चुकीचा आहे. मोडी ही मुख्यतः कागदावरची लिपी होती.

लेखात शक दिला असेल, तर इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवावेत. शक वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौष ते फाल्गुन या काळातील तिथीसाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात. शकाबरोबर संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे) नाव असेल, तर आकडा बरोबर वाचला आहे की नाही याची पडताळणी घरबसल्या करता येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी जितकी उरेल, प्रभवापासून मोजलेले तितक्या क्रमांकाचे संवत्सर आले पाहिजे, आणि बाकी शून्य उरली तर साठावे, म्हणजे क्षय. उदाहरणार्थ, शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यात १२ मिळवले की १६०८ होतात, ६० ने भागल्यावर बाकी ४८ उरते आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद हेच त्या वर्षाचे नाव आहे. जुन्या लेखांत चालू (सुरू असलेले) आणि गत (पूर्ण झालेले) वर्ष यांच्या गणनेमुळे एका वर्षाचा फरक पडू शकतो. त्याहून मोठा फरक आल्यास एखादा आकडा चुकीचा वाचला गेला असण्याची शक्यता प्रथम तपासावी. शिवशक (शिवराज्याभिषेकापासूनची कालगणना) असेल तर १६७३ मिळवावेत, आणि सुहूर सन (जुन्या दप्तरांतील एक कालगणना) असेल तर महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६००.

४. गावात आणि ग्रंथालयात चौकशी

गावातल्या वृद्धांशी बोलताना प्रश्न मोकळा ठेवावा. 'हा दगड शिवाजी महाराजांच्या काळातला आहे का?' असे विचारले की उत्तर 'हो' येते आणि तेच पुढे परंपरा म्हणून छापले जाते. त्याऐवजी 'या दगडाला तुम्ही काय म्हणता, तो पूर्वीपासून इथेच होता का, त्याची पूजा कोण आणि कधी करते?' असे विचारावे. दगड रस्त्याच्या कामात, विहीर खोदताना किंवा नांगरताना सापडून येथे आणला गेला असल्याची माहिती याच प्रश्नांतून मिळते, आणि ती फार महत्त्वाची असते. सांगणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, त्यावर तारीख घालावी, आणि ही लोकपरंपरा आहे असे वहीत स्पष्ट नोंदवावे.

छापील साधनांत पहिला मान जिल्हा गॅझेटियरचा. मुंबई इलाख्याचे जुने खंड १८८० च्या दशकात निघाले आणि त्यांत अनेक लहान गावांतील देवळे, लेख व वीरगळ यांचे उल्लेख आहेत. नंतरच्या मराठी आवृत्त्याही उपलब्ध आहेत. लेखांसाठी शं. गो. तुळपुळे यांनी संपादित केलेला 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा संग्रह पाहावा, म्हणजे आपल्या गावचा लेख आधीच वाचला गेला आहे का हे कळते. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज, तसेच धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ या संस्थांकडे नीट फोटो आणि मोजमापे घेऊन गेल्यास वाट सापडते. अस्पष्ट फोटो आणि 'हे काय आहे ते सांगा' एवढाच निरोप पाठवला, तर उत्तर न आल्याचा राग मानू नये.

५. जमीन कोणाची आणि रस्ता कोणाचा

नवख्या माणसाचे सर्वाधिक महिने या टप्प्यावर जातात. दगड गावठाणात आहे, देवस्थानच्या जागेत आहे, खासगी शेतात आहे की रस्त्याच्या हद्दीत आहे, हे ठरल्याशिवाय अर्ज कोणाकडे करायचा हेच ठरत नाही. गटक्रमांक शोधून सातबारा उतारा काढावा, गावनकाशावर जागा पाहावी आणि तलाठ्यांकडून (हे पद आता ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखले जाते) खात्री करून घ्यावी. गावठाणातील मिळकतीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा.

रस्त्याचा प्रकार ओळखण्याची सोपी खूण म्हणजे किलोमीटरच्या दगडाचा माथा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. सर्वसाधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. रंगावर पूर्ण भिस्त न ठेवता रस्त्याचा क्रमांक संबंधित उपविभागीय कार्यालयातून लेखी मागून घ्यावा, कारण रस्त्यांचा दर्जा वाढवला जातो आणि दगडावरचा रंग मात्र जुनाच राहतो.

दगड खासगी शेतात असेल, तर शेतमालकाशी सर्वांत आधी आणि समक्ष बोलावे. 'सरकार जमीन घेईल' ही भीती त्यांच्या मनात असते आणि ती निराधार आहे असे सांगून भागत नाही. पुढच्या टप्प्यात दिलेली संरक्षित आणि असंरक्षित यांच्यातील तफावत त्यांना समजावून सांगावी, आणि त्यांची लेखी संमती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

६. कायद्याची बाजू

स्मारकांविषयी दोन कायदे प्रमुख आहेत. केंद्राचा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम १९५८ सालचा आहे, आणि त्याच धर्तीवरचा राज्याचा अधिनियम १९६० सालचा. शंभर वर्षांहून जुने लेख आणि एकाश्म (एकाच दगडाच्या) शिळा केंद्राच्या कायद्यातील प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत बसू शकतात, परंतु एखादे स्मारक 'संरक्षित' होते ते शासनाने तशी अधिसूचना काढल्यावरच. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने पक्की झाली. आपला दगड अशा स्मारकाच्या आवारात किंवा या पट्ट्यात असेल, तर फलकाचा साधा चौथरासुद्धा परवानगीशिवाय बांधू नये.

गावोगावचे बहुसंख्य वीरगळ कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत. म्हणून ते कसेही हलवावेत, विकावेत किंवा घरी न्यावेत असे मात्र नाही. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ लागू होतो, आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करणे किंवा खासगी व्यक्तीने ते परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे. खणताना नाणी, दागिने किंवा मौल्यवान वस्तू मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची विभागीय कार्यालये आहेत आणि तेथील सहायक संचालकांच्या नावे पत्र द्यावे. पत्रात तीन गोष्टी मागाव्यात : दगडांची पाहणी, ते संरक्षित यादीत आहेत किंवा नाहीत याचे लेखी उत्तर, आणि फलकाच्या मजकुराची तपासणी. पत्रासोबत आपले नोंदपत्रक जोडावे. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. दीर्घ काळ उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली त्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे विचारता येते. त्यासाठी १० रुपये शुल्क आणि साधारण ३० दिवसांची मुदत आहे. हा मार्ग भांडणासाठी नव्हे, तर कागद पुढे सरकण्यासाठी वापरावा आणि भाषा सौम्य ठेवावी.

७. ग्रामसभेचा ठराव

फलक ग्रामपंचायतीच्या जागेत असो वा नसो, ग्रामसभेचा ठराव करूनच पुढे जावे असे मी आग्रहाने सांगेन. ठरावामुळे फलक एका माणसाचा किंवा एका मंडळाचा न राहता गावाचा होतो, आणि सरपंच बदलले तरी काम टिकते. विषय आयत्या वेळी मांडण्याऐवजी तो विषयपत्रिकेत यावा, यासाठी ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) वेळेत लेखी अर्ज द्यावा. ठरावात दगड जागेवरून हलवले जाणार नाहीत, त्यांना रंग दिला जाणार नाही आणि देखभाल कोण करील, ही तीन वाक्ये अवश्य असावीत. खर्च ग्रामनिधीतून, लोकवर्गणीतून की देणगीतून होणार, हेही त्यातच नमूद करावे.

एका धोक्याची आगाऊ सूचना. ठरावाच्या चर्चेत 'हा वीर आमच्याच घराण्याचा पूर्वज' असा दावा पुढे येतो, आणि दोन घराण्यांकडून एकाच वेळीही येतो. वीरगळावर नाव कोरलेले नसेल, तर तो कोणाचा हे सांगण्याचे साधन आपल्याकडे नाही. सर्वांचा मान राखून, पण ठामपणे, फलकावर आडनाव येणार नाही हे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.

फाइलमध्ये एकत्र ठेवावयाची कागदपत्रे :

- प्रत्येक दगडाचे नोंदपत्रक आणि छापील फोटो
- सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, गावनकाशाची प्रत
- जागामालकाची किंवा देवस्थान विश्वस्तांची लेखी संमती
- ग्रामसभा ठरावाची प्रमाणित प्रत
- पुरातत्त्व कार्यालयाला दिलेले पत्र, पोच आणि आलेले उत्तर
- रस्त्याच्या हद्दीत फलक असल्यास संबंधित बांधकाम विभागाचे ना-हरकत पत्र
- फलकाच्या मजकुराचा अंतिम मसुदा, तपासणाऱ्याच्या सहीसह

८. फलकाचा मजकूर

चुकीचा फलक नसलेल्या फलकापेक्षा अधिक नुकसान करतो, कारण एकदा दगडात किंवा पत्र्यावर कोरलेले वाक्य पुढे वर्तमानपत्रात, शाळेच्या हस्तलिखितात आणि पर्यटनाच्या पुस्तिकेत जाते, आणि मग ते मागे घेता येत नाही. म्हणून मजकुरात तीन थर स्वच्छपणे वेगळे ठेवावेत : डोळ्यांना काय दिसते, अभ्यासक काय सांगतात आणि गावात काय मानले जाते. 'शिवकालीन', 'हजार वर्षांपूर्वीचा', 'पांडवकालीन' हे शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत. 'पहिला' आणि 'सर्वांत जुना' या शब्दांपासून तर दूरच राहावे. मराठीतील आद्य शिलालेख कोणता, या एका प्रश्नावर श्रवणबेळगोळ, अलिबागजवळचे अक्षी आणि सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल यांच्या बाजूने अभ्यासकांनी दीर्घ वाद केला आहे. अक्षीच्या लेखात शके ९३४ आणि कुडलच्या लेखात शके ९४० असे वाचले जाते. एवढ्या अभ्यासलेल्या लेखांच्या बाबतीत मतभेद असताना आपल्या बांधावरच्या तारीख नसलेल्या दगडाला 'सर्वांत जुना' ठरवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

तारीख नसलेल्या वीरगळासाठी पुढीलसारखा मजकूर पुरेसा होतो आणि तो खोटा ठरत नाही :

'हा वीरगळ आहे. लढताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ असे दगड उभारले जात. तो खालून वर पाहावा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवपूजा कोरलेली आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य आहेत. दगडावर लेख नसल्याने वीराचे नाव आणि काळ निश्चित सांगता येत नाही. ग्रामस्थ या दगडाला … म्हणून पूजतात. कृपया दगडावर रंग, तेल किंवा शेंदूर लावू नये आणि तो हलवू नये.'

ज्या दगडाची पूजा शेंदूर लावूनच होते, तेथे शेवटच्या वाक्यातून 'शेंदूर' हा शब्द गाळावा. नाही तर फलक आणि भाविक यांच्यात पहिल्याच दिवशी तंटा उभा राहतो. मजकूर शंभर शब्दांच्या आसपास ठेवावा. देणगीदारांची नावे तळाशी लहान अक्षरांत द्यावीत किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावीत. पदाधिकाऱ्यांच्या नावांनी फलकाचा अर्धा भाग व्यापला, तर वाचणारा दगडाकडे वळतच नाही. शुद्धलेखन मराठीच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावे आणि अंतिम मसुदा, फलक रंगवणाऱ्याकडे जाण्यापूर्वी, शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना मोठ्याने वाचायला द्यावा. ते जेथे अडखळतात तेथे वाक्य बदलावे.

९. फलक करणे आणि उभारणे

फ्लेक्स वापरू नये. ऊन-पावसात तो लवकर विटतो आणि फाटतो. कोरीव अक्षरांची ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची शिळा, नाही तर कोरलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा अधिक टिकतो. मजकुराचा फलक उभ्या माणसाला सहज वाचता येईल अशा उंचीवर, थोडा तिरका बसवावा. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळण्यासाठी बाण आणि अंतर दाखवणारी छोटी पाटी वेगळी लावावी, कारण चालत्या वाहनातून शंभर शब्द कोणी वाचू शकत नाही आणि तसा प्रयत्न करणे धोक्याचे आहे. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि पुलाच्या तोंडाशी कोणतीही पाटी लावू नये. जेथे गाडी रस्त्याबाहेर उभी करता येईल, तीच जागा निवडावी.

फलकाचा खड्डा दगडापासून पुरेसा दूर घ्यावा. वीरगळाचा बराचसा भाग जमिनीत असतो आणि शेजारी खणल्यास तो कलतो. शिवाय जवळच आणखी दगड गाडलेले असण्याचा संभव असतो. फलक दगडाला टेकवू नये, त्याच्यावर खिळा ठोकू नये, दगडाभोवती सिमेंटचा ओटा बांधू नये. सिमेंटमुळे दगडाच्या बुडाशी ओल कोंडते, क्षार वर चढतात आणि खालची चौकट, म्हणजे नेमके लढाईचे दृश्य, सर्वांत आधी झिजते. चौथरा हवाच असेल, तर दगडापासून अंतर सोडून चुन्यातल्या किंवा कोरड्या रचाईचा करावा, आणि पावसाचे पाणी बाहेर जाईल असा उतार द्यावा.

अक्षांश-रेखांशांविषयी एक खबरदारी. शासकीय नोंदीत ते अचूक द्यावेत, परंतु एकाकी जागेतील दगडाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. गुप्तधनाच्या लोभाने असे दगड उपटून त्यांच्याखाली खणण्याचे प्रकार घडतात.

१०. रस्त्याचे काम निघाले तर

रुंदीकरणाची आखणी झाल्याची कुणकुण लागताच, यंत्र येण्याची वाट न पाहता, कार्यकारी अभियंत्यांना नोंदपत्रकासह पत्र द्यावे. त्याची प्रत तहसीलदार आणि पुरातत्त्व कार्यालयाला द्यावी, आणि ठेकेदाराच्या माणसांसह संयुक्त स्थळपाहणी मागावी. काम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण कोणता दगड जपायचा हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. दगडांभोवती बांबू रोवून दोरी बांधणे आणि पाटी लावणे एवढ्यानेही पुष्कळ वाचते. पहिली मागणी आखणीत किंचित बदल करण्याची असावी. ते अशक्यच असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या प्रतिनिधीसमोर, जेसीबीच्या दात्याने न उपटता हातांनी चहूबाजूंची माती काढून आणि रुंद कापडी पट्ट्यांनी उचलून, त्याच गावात, शक्य तितक्या जवळ, मूळ दिशेलाच तोंड करून दगड उभा करावा. मूळ जागेचे अक्षांश-रेखांश, हलवल्याची तारीख आणि कारण नव्या फलकावर लिहावे. जमिनीतला भाग प्रथमच उघडा पडल्याने त्याच वेळी त्याचे फोटो आणि पूर्ण उंचीचे माप घ्यावे. मातीखाली झाकलेली चौकट किंवा लेखाच्या ओळी कित्येकदा तेव्हाच दिसतात.

११. देखभाल

पावसाळ्यापूर्वी आणि दसऱ्याच्या सुमारास अशी वर्षातून दोन वेळा पाहणी करावी. गवत हाताने उपटावे, ते जाळू नये. आगीच्या धगीने बेसाल्टचे पापुद्रे सुटतात. पिंपळाची किंवा उंबराची रोपे दगडाच्या फटीत रुजली असतील, तर ती लहान असतानाच काढावीत. शेवाळे आणि दगडफूल तसेच राहू द्यावे, किंवा काढायचेच झाले तर जाणकाराच्या देखरेखीखाली. दर पाहणीला त्याच जागेवरून, त्याच कोनातून एक फोटो काढून तारखेसह फाइलला लावावा, म्हणजे दगड कलला, भेगाळला किंवा रंगवला गेला हे वेळीच ध्यानात येते. ही फाइल एकाच्या घरी ठेवू नये. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक तालुक्याच्या ग्रंथालयात द्यावी, आणि तिन्ही ठिकाणांहून पोच घ्यावी.